‘लहान साइटला एकच फाइल पुरे’ : या सल्ल्याचा प्रतिवाद

ठाणे आणि नवी मुंबईत सोसायट्या, क्लासेस, वागळे इस्टेटमधले छोटे कारखाने यांच्या साइट बनवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत पुढे पाठवला जातो. डेटाबेसचा कोड आणि पानाचा एचटीएमएल (ब्राउझरला पानाची मांडणी सांगणारा मजकूर) वेगळा ठेवणे हे मोठ्या कंपन्यांचे चोचले आहेत, पीएचपी ही सर्व्हरवर चालणारी भाषा दोन्ही एकत्र लिहिण्यासाठीच जन्मली, वेगळे केले की साइट मंदावते आणि क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) पानातच दिसली की नवख्यालाही कळते, असे त्यात म्हटले आहे.

पीएचपीच्या जन्माविषयीचे विधान खरे आहे. रासमस लेरडॉर्फ यांनी 1995 मध्ये ती खुली केली, तेव्हा ती वैयक्तिक पानांसाठीची साधने होती. पण मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलणारी पीएचपीतली जुनी फंक्शने (नावाने बोलावता येणारे कोडचे तुकडे) 2013 मध्ये, पीएचपीच्या 5.5 या आवृत्तीत, कालबाह्य ठरवली गेली आणि 2015 च्या 7.0 मधून ती काढूनच टाकली. ज्यांच्या क्वेऱ्या पानोपानी विखुरल्या होत्या त्यांना प्रत्येक पान उघडावे लागले. ज्यांनी त्या एका जागी ठेवल्या होत्या त्यांचे काम त्या जागेपुरतेच राहिले.

मंदावण्याचा मुद्दा तर उलटाच आहे. एखादे फंक्शन जास्त बोलावण्याचा खर्च डेटाबेसपर्यंतच्या एका फेरीपुढे नगण्य असतो. घोडबंदर रोडवरच्या 200 सदनिकांच्या सोसायटीचे थकबाकीचे पान घ्या. तक्त्याची ओळ छापता छापता त्या सदनिकेने भरलेली रक्कम विचारणारी क्वेरी तिथेच लिहिली, तर यादीची एक आणि सदनिकांच्या 200, अशा 201 क्वेऱ्या होतात. वेगळ्या फंक्शनमध्ये ‘सर्वांची थकबाकी द्या’ असे लिहायला बसणाऱ्याला लेफ्ट जॉइन (दुसऱ्या तक्त्यात नोंद नसली तरी पहिल्यातली ओळ राखणारी जोडणी) आणि ग्रुप बाय (सदनिकेनुसार बेरीज) आपोआप सुचतात, एका क्वेरीत काम होते आणि एकही हप्ता न भरलेली सदनिकाही यादीतून गळत नाही. शिवाय सर्वसाधारण सभेसाठी सचिवांनी तीच यादी एक्सेलमध्ये मागितली, तर तेच फंक्शन पुन्हा वापरता येते. एकत्र कोडात क्वेरीची नक्कल होते आणि पुढे विलंब शुल्काचा नियम बदलला की एकीकडे दुरुस्ती होते, दुसरीकडे राहून जाते.

नवख्याला कळते म्हणतात, पण क्वेरी अर्ध्या तक्त्यात फसली तर काय होते, हे त्याला कोण सांगणार? आउटपुट बफर केलेले (पाठवण्याआधी रोखून ठेवलेले) नसेल, तर तोवर अर्धे पान ब्राउझरकडे गेलेले असते. मग त्रुटीचा 500 हा कोड पाठवता येत नाही, दुसऱ्या पानावरही वळवता येत नाही आणि सभासदाला अपुरी यादी पूर्ण वाटते. हिशेबाच्या पानावर हे मला अक्षम्य वाटते.

वेगळे ठेवले की एसक्यूएल इंजेक्शन (फॉर्ममध्ये भरलेल्या मजकुरातून क्वेरीत आदेश घुसवणे) टळते, हा आपल्या बाजूचा दावाही मी करणार नाही. ते टळते प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये, म्हणजे आधीच तयार केलेल्या क्वेरीच्या साच्यात, मूल्ये वेगळी बांधून दिल्याने. क्वेऱ्या एकत्र असल्या की ती तपासणी सोपी होते, इतकेच.

यासाठी फ्रेमवर्क (साइटचा तयार सांगाडा) लागत नाही. क्वेऱ्यांची एक फाइल ठेवावी, पानाच्या सुरुवातीलाच तिच्याकडून सगळी माहिती घ्यावी आणि खालच्या एचटीएमएलमध्ये फक्त छापण्यापुरते लूप आणि अटी राहू द्याव्यात.