बेचक्यांत नाही, म्हणून खरूज नाही?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश पुन्हापुन्हा येतो: ‘खरूज अस्वच्छ माणसांना होते. ती बोटांच्या बेचक्यांत असते, तिथं नसेल तर खरूज नव्हे. खाज जास्त तेवढा आजार मोठा. ज्याला खाजतंय त्यानंच मलम लावावं.’ असल्या सल्ल्यांपायी घरातलं तान्हं आणि म्हातारं माणूस रात्ररात्र तळमळत राहतं, म्हणून हे लिहितेय.

अस्वच्छतेचं आधी. खरजेचा किडा अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतो. मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालते, ती साबणानं धुऊन जात नाही. त्वचेला त्वचा बराच वेळ लागून राहिली की लागण होते. रोज दोनदा अंघोळ करणाऱ्यालाही होते, फक्त लाजेपायी तो डॉक्टरकडे उशिरा जातो.

बेचक्यांचं म्हणणं मोठ्या माणसांपुरतं बरंचसं खरं आहे. बेचक्या, मनगटं, काखा, कंबर, जांघा. मानेच्या वर सहसा काही नसतं. तान्ह्या बाळाचं तसं नाही. त्याच्या तळहातांवर, तळपायांवर, डोक्यावर, अगदी चेहऱ्यावरही पुरळ येतं, कधी पाण्याचे फोड येतात. बाळाला नीट खाजवताही येत नाही. ते किरकिरतं, झोपत नाही, दूध टाकतं, आणि आपण ‘उष्णता झाली’ म्हणतो. मोठ्यांना बहुधा मानेखालीच मलम लावायला सांगतात. बाळाच्या डोक्यालाही ते लागतं, डोळे आणि तोंड सांभाळून. आजीच्या अंगावर पुरळ जेमतेम, तेही पाठीवर, पण खाज रात्रभर. तिला ‘वयानं कातडी कोरडी पडली’ म्हणून खोबरेल चोळत बसतात.

खाजेचा दावा मला सगळ्यांत घातक वाटतो. खाज म्हणजे किड्यांची संख्या नव्हे, ती शरीराची प्रतिक्रिया आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कीटकशास्त्रज्ञ केनेथ मेलनबी यांनी रुग्णांच्या अंगावरचे किडे मोजले, तेव्हा सरासरी माणशी अकराच्या आसपास भरली. एवढ्याशा किड्यांनी माणूस रात्रभर खाजवतो. उलट एचआयव्ही, अवयव प्रत्यारोपण किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेण्यामुळे ज्यांची प्रतिकारशक्ती ढासळली आहे, त्यांच्या अंगावर जाड खपल्या धरतात आणि किडे हजारोंनी, कधी लाखोंनी असतात. खाज मात्र कमी, कधी जवळपास नाहीच. सोरायसिस (खवले धरणारा, न लागणारा त्वचारोग) समजून वर स्टेरॉइडचं मलम लावलं, तर किड्यांचं फावतंच. खपल्यांच्या खरजेचा हा प्रकार 1848 मध्ये नॉर्वेत कुष्ठरुग्णांमध्ये नोंदला गेला. असा एक रुग्ण अख्ख्या वॉर्डाला खरूज देऊ शकतो.

राहिलं ‘ज्याला खाजतंय त्यानंच’. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे जाऊ शकतात, आणि तेवढ्यातही लागण पसरते. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं, आठवड्या-दोन आठवड्यांनी डॉक्टर सांगतील तसं पुन्हा. तेच औषध सगळ्यांना चालेल असंही नाही: आयव्हरमेक्टिनची गोळी 15 किलोखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला सहसा देत नाहीत. उपचारानंतरही दोन-चार आठवडे खाज राहते. तेवढ्यावरून रोज मलम फासत राहिलात, तर कातडी आणखी चिडते.