साउथ गोवा 'कव्हर' करू नका, ओहोटी बघून या

भावोजींचा मेसेज आला की फाइल उघडायची मला भीतीच वाटते. माझे धाकटे दीर पुण्यात आयटीत आहेत, त्यामुळे सहल म्हटली की एक्सेल आलीच. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीसाठी पाठवलेल्या फाइलमध्ये चार दिवस, सतरा ठिकाणं आणि प्रत्येक ठिकाणासमोर मिनिटं होती. 'काब द राम, ४० मि., फोटो धरून.' खाली प्रश्न: 'वहिनी, एवढ्यात नॉर्थ-साउथ दोन्ही कव्हर होईल ना?'

झालं की कव्हर. सहा वर्षांच्या पुतण्याने चारपैकी दोन दिवस गाडीत उलट्या करून काढले. नऊ वर्षांची पुतणी प्रत्येक ठिकाणी उतरून पहिला प्रश्न विचारायची, 'इथे किती वेळ आहोत?' आमच्या ह्यांना मोजायची खोड. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणापर्यंत 'चला, आटपा' हे वाक्य एकतीस वेळा झालं, त्यातलं निम्मं स्वतः भावोजींचं. आणि पुण्याला परत गेल्यावर त्यांचा फोन, 'वहिनी, मस्त झाली ट्रिप, फक्त जरा दमलो.'

आम्ही राहतो फोंड्याला. दिवाळी जवळ आली की गोव्यातल्या बहुतेक मराठी घरांत असे मेसेज सुरू होतात, म्हणून या वर्षी आधीच लिहून टाकते आहे. ज्यांना पाठवायचं त्यांना खुशाल पाठवा.

पहिलं म्हणजे, मुलं चार वर्षांच्या आतली असतील तर खडकाळ किनाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. खरंच नको. त्यांच्यासाठी सासष्टीचा किनारा आहे. वेळसांवपासून मोबोरपर्यंत वीसेक किलोमीटर सलग वाळू, मध्ये कोलवा, बाणावली, वार्का. बादली-फावडं द्या आणि बसा. पण मुलं सहा-सातच्या पुढची असतील तर तीच वाळू दुसऱ्या दिवशी त्यांना पुरत नाही. त्यांना कडेकपारी, डबकी, खेकडे लागतात. त्यासाठी खाली गोव्याच्या दक्षिण टोकाला, काणकोणला यायचं.

काणकोणात सह्याद्री समुद्राच्या अगदी जवळ येतो. डोंगराच्या सोंडा थेट पाण्यात उतरतात आणि दोन सोंडांच्या मध्ये एकेक छोटा किनारा अडकवल्यासारखा दिसतो. आगोंद, पाळोळे, कोळंब, पाटणे, राजबाग, पुढे तळपण, गालजीबाग आणि कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं पोळे. प्रत्येकाच्या टोकाला खडप. खडप म्हणजे काळे-तांबूस, लाटांनी कोरलेले खडक. भरतीला ते बुडतात, ओहोटीला उघडे पडतात. मुलांची सगळी गंमत त्या उघड्या पडलेल्या दोन-तीन तासांत असते आणि एक्सेलमध्ये नेमकी हीच वेळ कोणी लिहीत नाही.

गेल्या वर्षी भावोजी परत येतो म्हणाले तेव्हा मी एकच अट घातली. फाइल नको, कालनिर्णय आणा.

माझ्या सासूबाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. वय ७८. त्यांना पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, अजून तोंडपाठ आहे आणि त्या पाऊणकीचा उपयोग त्यांना शाळेबाहेर एकाच ठिकाणी झाला, भरतीची वेळ काढायला. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. हा हिशेब मुंबईकडचा. गोव्याच्या मुरगाव बंदराला भरती साधारण तासभर आधी लागते, म्हणजे दोन. त्यातून सव्वासहा तास मागे गेलं की सकाळी पावणेआठला ओहोटी. रोज ही वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. हल्ली मोबाइलवर मुरगावचे भरती-ओहोटीचे आकडे आयते मिळतात, ते बघाच, कारण आजीचा हिशेब अर्धा-पाऊण तास चुकू शकतो. पण पुतणीला ते गणित भलतंच आवडलं. शाळेत पाऊणकी शिकवत नाहीत, त्यामुळे तिला ती गुप्त भाषाच वाटली. रोज रात्री कालनिर्णय उघडून ती जाहीर करायची, 'उद्या साडेआठला समुद्र मागे जाणार.' ती जाहीर करेल तो कार्यक्रम. भावोजींना बोलायला जागाच उरली नाही.

दिवाळीत येणाऱ्यांसाठी हे फार सोयीचं पडतं. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे उधाण, तेव्हा ओहोटी संध्याकाळी साडेचार-पाचच्या आसपास आणि पाणी सगळ्यात मागे. भाऊबीज उरकून निघालात तर चतुर्थी-पंचमीला तीच ओहोटी सकाळी आठ-साडेआठला मिळते. ऊन चढायच्या आत खडपावर जाऊन नऊच्या सुमाराला नाश्त्याला परत. पुढे अष्टमीकडे भांग, म्हणजे उधाणाच्या उलट कमी चढउताराचे दिवस, लागतो, मग पाणी फारसं मागे जात नाही, ते दिवस पोहायला आणि झोपायला ठेवा.

पुण्या-मुंबईच्या माणसांना गोव्याचा समुद्र हलत नाही असं वाटतं. एका अर्थी खरं आहे. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, आमच्याकडे सुमारे दोन मीटर. दोनच ना, म्हणून लोक निर्धास्त असतात. दोन मीटर म्हणजे दाराच्या चौकटीएवढी उंची, हे लक्षात घ्या.

मला हे कळलं ते फुकट नाही कळलं. आमची लेक सात वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. पाळोळ्याच्या उत्तर टोकाला एक छोटं बेट आहे, ओहोटीला गुडघाभर पाण्यातून चालत जाता येतं. गेलो. शिंपले, फोटो, बिस्किटं. परत निघालो तेव्हा पाणी माझ्या कमरेच्या वर होतं. ह्यांनी लेकीला खांद्यावर घेतलं, मी पिशवी डोक्यावर घेतली आणि माझी एक चप्पल त्या दिवशी अरबी समुद्राला गेली. काठावर एक बाई कोयतीने कालवं काढत होत्या. त्यांनी मान वर न करता एवढंच म्हटलं, 'दर्याक फाट दाखोवंची न्हय गो बाय.' समुद्राला पाठ दाखवू नये. दोष दुसऱ्या कोणाचाच नव्हता, आमचाच होता. आम्ही ओहोटी किती वाजता संपते ते पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून नियम असा, की खडपावर जायचं ते ओहोटीच्या दीड तास आधी आणि पाणी वळलं की निघायचं. मुलं कितीही 'पाच मिनिटं' म्हणोत.

पायात स्लिपर चालत नाहीत. मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट. हिरवं शेवाळ साबणासारखं निसरडं असतं आणि कालवांची कवचं ब्लेडसारखी कापतात. कड्याच्या टोकाला जाऊन सेल्फी काढायची हौस घरी ठेवून या. जीवरक्षक लोकांनी २०१८ साली इथल्या काही खडकाळ जागा 'नो सेल्फी झोन' म्हणून जाहीर केल्या होत्या, त्या उगाच नव्हेत. पोहायचं ते जीवरक्षकांनी लाल-पिवळे झेंडे लावलेल्या पट्ट्यातच. नुसता लाल झेंडा असेल तर बापाला कितीही चांगलं पोहता येत असू दे, नाही म्हणजे नाही. पाळोळ्याचा उतार मुलांना बरा आहे, आगोंदला ओढ जास्त असते.

आता गेल्या वर्षीच्या सहलीतल्या दुसऱ्या दिवशीचं सांगते, कारण ही सगळी पोस्ट खरं तर त्या एका सकाळसाठी आहे.

पाटण्याच्या दक्षिण टोकाला खडपात परातीएवढं एक डबकं होतं. त्यात पुतण्याला एक शंख चालताना दिसला. आत अर्थातच संन्यासी खेकडा. पोरगं पालथं पडलं आणि बघत बसलं. खेकडा एका मोठ्या रिकाम्या शंखापाशी आला, चिमट्याने त्याचं तोंड चाचपलं, आत पाय घालून पाहिला, मागे फिरला, पुन्हा आला. शंख उलटापालटा केला. आतली वाळू काढली. मग एका क्षणात, अगदी पापणी लवायच्या आत, जुन्या घरातून निघून नव्यात शिरला. त्याचं ते मऊ, वाकडं, गुलाबी पोट आम्हाला दोन सेकंद दिसलं असेल. पुतण्या ओरडला, 'आजी, तो नागडा होता!' सासूबाई मागे खुर्चीवर, त्या म्हणाल्या, 'मग तू काय कपडे शिवून जन्माला आला होतास?'

मी घड्याळ पाहिलं. एका डबक्यापाशी बावन्न मिनिटं. आदल्या सहलीत अख्ख्या काब द रामला चाळीस होती.

त्यानंतर शंख गोळा करायचं त्याने स्वतःहून सोडलं. रिकामे शंख म्हणजे खेकड्यांचे फ्लॅट, ते नेले तर ते राहणार कुठे, हे त्याने आईलाच सुनावलं. तिच्या पिशवीतले अकरा शंख परत डबक्यात गेले. वाळूच्या बाजूला बारक्या खेकड्यांनी ओहोटीला केलेल्या गोळ्यांची नक्षी असते, बिळाभोवती किरणांसारखी. पुतणीने ती रांगोळी म्हणून वहीत उतरवून घेतली. समुद्रफुलाला बोट लावलं की ते मिटतं, ते एकदाच करून दाखवलं. पुन्हा पुन्हा नको, त्यालाही त्रास असतो.

दुपारी काहीही नाही. शब्दशः काहीही. जेवण, झोप, पत्ते. पहिल्या दुपारी भावोजी दोनदा गाडीची किल्ली हातात घेऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. 'जवळच खोतीगावचं अभयारण्य आहे म्हणे,' असं भिंतीला सांगून झालं. कोणी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दुपारी ते घोरत होते.

काब द रामला गेलो, पण तेवढ्यासाठीच, संध्याकाळी. राम-सीता-लक्ष्मण वनवासात इथे राहिले म्हणून हे नाव, असं लोक सांगतात. सोंद्याच्या राजाकडून पोर्तुगीजांनी किल्ला घेतला १७६३ मध्ये, आणि १९५५ पर्यंत इथे तुरुंग होता. आत एक पांढरं चर्च आहे. हे सगळं सांगून झाल्यावर पुतण्याचा एकच प्रश्न, 'कैदी समुद्र बघायचे का?' याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, सासूबाईंकडेही नव्हतं. कड्याच्या बाजूचे कठडे जुने आणि बुटके आहेत, मुलांचा हात सोडू नका.

राहायचं कुठे याबद्दल एकच सांगते. 'क्लिफ व्ह्यू' या शब्दावर भाळू नका. एकदा आम्ही असंच एक ठिकाण घेतलं, नाव घेत नाही. फोटोत खोली समुद्रावर तरंगत होती. प्रत्यक्षात वाळूपर्यंत एकशे बारा पायऱ्या आणि सासूबाईंचे गुडघे. तीन दिवस त्यांनी समुद्र वरूनच पाहिला आणि घरी आल्यावर म्हणाल्या, 'टीव्हीवर बरा दिसतो याहून.' लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर तळमजला, आणि किनारा चालत पाच मिनिटांत. स्वयंपाकाची थोडी सोय असली तर उत्तम. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर पोंगा वाजवत येतो, तेव्हा मुलांनाच पैसे देऊन गेटवर पाठवा. गरम उंडे आणि काकणं हे पाव घेऊन धावत येणं हाच तिथला अर्धा कार्यक्रम. काकण बांगडीसारखं असतं, ते खायच्या आधी हातात घालायचं असतं हे मुलांना सांगावं लागत नाही.

आणि विमानाचं स्वस्त तिकीट काढण्याआधी नकाशा बघा. मोपाचा विमानतळ पेडण्यात, गोव्याच्या उत्तर टोकाला. काणकोण दक्षिण टोकाला. मधलं अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, आणि टॅक्सीत वाचलेले पैसे व्याजासकट जातात. दाबोळी त्यामानाने जवळ. मुंबईहून येणाऱ्यांना रेल्वे सगळ्यात बरी. काही गाड्या काणकोणलाच थांबतात, नाहीतर मडगावला उतरून कदंबची, म्हणजे गोव्याची सरकारी, बस. मुलांना बस आवडते, हे गाडीवाले आईबाप विसरतात.

भावोजींचा काल मेसेज आला आहे. या दिवाळीला ऑफिसची सुट्टी नाही, मे महिन्यात चालेल का? मी कळवलं, मेच्या पहिल्या पंधरवड्यात या, नंतर समुद्र खवळायला लागतो आणि पावसाळ्यात पाण्यात उतरायचंच नसतं. मेमध्ये ऊन भयंकर, म्हणून सकाळची ओहोटी सातच्या आसपास असेल ते दिवस काढा. त्यावर पुतणीने परस्पर उत्तर दिलंय, तिथ्या बघून झाल्यात, तृतीयेला पोहोचतो. सासूबाईंची घडीची खुर्ची आमच्याकडेच आहे, ती आणू नका म्हणावं.