गुरुवार आला की प्रिंटर ‘ऑफलाइन’

पुण्यात गुरुवारी लाइट जाणार, हे ठरलेलंच. लाइट येते, राउटर चालू होतो आणि प्रिंटरच्या हातात नवा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा घरक्रमांक, ठेवतो. काल १९२.१६८.१.७, आज १९२.१६८.१.१२. लॅपटॉप बिचारा जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत बसतो. मग लोक काय करतात? ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर, काढतात, परत टाकतात. अहो, ड्रायव्हरचा काय संबंध!

पत्ता विचारायचा तो प्रिंटरलाच. स्क्रीन असेल तर नेटवर्क सेटिंगमध्ये दिसतो. नसेल तर नेटवर्कच्या माहितीचं पान छापून घ्या. त्यासाठी कुठलं बटण किती सेकंद दाबायचं, हे मात्र प्रत्येक मॉडेलचं वेगळं. एक सरळ बटण द्यायला यांचं काय जातं? पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला तर शोधाशोध थांबवा. राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, आधी वायफाय जोडा. बरेच प्रिंटर वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात, ५ वर दिसतच नाहीत. आणि लॅपटॉप पाहुण्यांच्या वेगळ्या वायफायवर असेल तर पत्ता बरोबर असूनही भेट नाही.

कायमचा इलाज दहा मिनिटांचा आहे. ब्राउझरमध्ये राउटरच्या सेटिंगच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडायची, छापलेल्या पानावरचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) त्यात जुळवायचा आणि त्याच्यासमोरचा आयपी प्रिंटरसाठी राखीव करायचा. मग विंडोजमध्ये प्रिंटरच्या पोर्टला, म्हणजे प्रिंटर कुठे शोधायचा ते सांगणाऱ्या सेटिंगला, तोच पत्ता द्यायचा. हे शेवटचं हमखास राहतं, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा ड्रायव्हरवर संक्रांत.