पुडीचं वजन

गिरगावच्या आमच्या चाळीच्या ग्रुपवर चार दिवस मला साक्षीला उभं केलंय. मागच्या इमारतीतल्या एका पोराच्या खिशात गांजाची पुडी सापडली. पोलीस त्याला घेऊन गेले आणि इकडे ग्रुपवर कोर्ट भरलं. निकाल तासाभरात लागला. "सिंगापूर असतं तर थेट फाशी. आपला बंड्या तिथेच आहे ना, विचारा त्याला."

विचारलं मात्र कुणीच नाही. चौदा वर्षं इथे काढल्यावर माणसाचा उपयोग एवढाच, की दुसऱ्याला हाणायला त्याचा देश वापरता येतो.

इथे फाशी होते, खोटं नाही. पूर्वी विमानात भरायच्या कार्डावरच ते लाल अक्षरांत छापलेलं असायचं. पण ती फाशी खिशातल्या पुडीला नसते. हेरॉइन 15 ग्रॅमच्या वर, गांजा 500 ग्रॅमच्या वर, आणि तोही विक्री-वाहतुकीचा आरोप. शिवाय हेरॉइनचे ते 15 ग्रॅम निव्वळ, भेसळ वजा करून मोजलेले. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या हिरा सिंग निकालापासून भेसळीसकट वजन धरतात. हेरॉइनच्या पाव किलोच्या वरच्या पुडक्यात खरा माल चिमूटभर असला, तरी ते व्यापारी प्रमाण, म्हणजे सगळ्यात जड शिक्षेचं वजन. आता सांगा, कडक कोण?

(15 ग्रॅम गांजाच्या वर इथे तुम्ही विक्रेतेच धरले जाता, आणि तसं नाही हे तुम्हीच सिद्ध करायचं. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. माझ्या मुद्द्याला ते सोयीचं नव्हतं.)

पोराच्या आईने मला वेगळा मेसेज केला. "भावजी, जामीन होतच नाही म्हणतात, खरं का?" वहिनी, वजन विचारा आधी. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचा सगळा जीव वजनात आहे. गांजा 1 किलोपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण. वर्षापर्यंत सक्तमजुरी, नाहीतर 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 20 किलोच्या वर गेलं की दहा ते वीस वर्षं. जामिनाला आडवं येणारं कलम 37 मुख्यतः त्या मोठ्या वजनाचं. पुडीत एमडी, म्हणजे मेफेड्रोन, निघालं असतं तर मात्र गणित बदललं असतं. तिथे अल्प प्रमाण संपतं 2 ग्रॅमवर आणि व्यापारी सुरू होतं 50 च्या पुढे. आणि अंगझडतीआधी, राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागायचा तुझा हक्क आहे, असं पोराला सांगितलं होतं का? कलम 50. वकिलाला हे पहिलं विचारायला सांगा.

फाशी मागणाऱ्यांसाठी आणखी एक. आपल्या कायद्यातही, दुसऱ्यांदा मोठ्या साठ्यासह सापडून दोषी ठरलेल्यासाठी फाशी आहे. ती सक्तीची असणं घटनेत बसत नाही, हे 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेच सांगितलं. चाळीपासून बसने पंधरा मिनिटांवर आहे ते कोर्ट.

एवढं लिहिल्यावर एका बालमित्राने उत्तर टाकलं, "मग इकडे ये ना परत. तुझी मुलगी रात्री अकराला तिथल्या एमआरटी मेट्रोने एकटी येते, ते कुणाच्या जिवावर?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. ती येते. मी ब्लॉकखाली कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत बसलेला असतो, घड्याळाकडेही बघत नाही. त्या निवांतपणाची किंमत दुसऱ्या कुणाचा मुलगा मोजत असेल, हा विचार मी तिथे बसून कधी केला नाही. गिरगावचा पोरगा आत गेला तेव्हा केला.

गेल्या होळीला मी चाळीत होतो. काकूंनी थंडाईचा पेला पुढे केला. भांगेची नुसती पानं एनडीपीएसच्या गांजात मोडत नाहीत. राज्याच्या दारूबंदी कायद्याचा परवाना हा भाग वेगळा, आणि होळीला तो कोण विचारतो? पण मी सिंगापूरचा पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी आहे. इथल्या कायद्याला भांग आणि गांजा एकच, आणि नागरिक किंवा पीआरने बाहेरदेशी घेतलेली नशाही इथेच घेतली असं धरतात. चांगी विमानतळावर उतरल्यावर लघवी तपासायला थांबवू शकतात.

"अरे, यात नुसते बदाम आहेत," काकू म्हणाल्या. असतीलही. लहानपणी त्यांच्याच हातचं शिळंपाकं न विचारता खाल्लंय मी. मी पेला हातात घेतला, दोन-तीन जणांशी बोललो, आणि कुणी बघत नाही असं पाहून मोरीत ओतला.

काकूंनी बघितलं होतं.