बाटली हलवणाऱ्यांनो, जरा थांबा

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर काल रात्रीचा व्हिडिओ पडला. टेरेस, लायटिंगच्या माळा, स्पीकर, आणि मधोमध एक गृहस्थ स्पार्कलिंग वाइनची, म्हणजे शॅम्पेनसारख्या फसफसत्या वाइनची, बाटली दोन्ही हातांनी गदागदा हलवतायत. बूच सुटलं, फेसाचं कारंजं, 'होऽऽ' असा गलका. खाली आगीच्या इमोजींची रांग. ग्रुपवर काही बोलले तर पुढची मेंटेनन्सची मीटिंग मला जड जाईल, म्हणून इथे लिहितेय. इथे सगळे आपलेच आहात.

मी होते काल तिथे. त्यांच्या मुलाला चांगली नोकरी लागली, आनंद करायलाच हवा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ती बाटली दुपारपासून गाडीच्या डिकीत होती. एप्रिल महिना, नाशिक. मी हातात घेऊन पाहिली तर काच चक्क गरम. म्हटलं, "भाऊ, अर्धा तास बर्फाच्या पाण्यात ठेवू या, जेवणं व्हायचीच आहेत अजून." तर म्हणाले, "अहो ताई, प्यायचीय कुणाला, व्हिडिओ काढायचाय!"

प्यायचीय कुणाला! मग आणली कशाला?

अर्धीअधिक फरशीवर गेली. बूच एका लहान मुलीच्या कानाजवळून जाऊन पाण्याच्या टाकीवर आदळलं, तेव्हाही लोक हसले. उरलेली कागदी ग्लासांत, वर बर्फाचे खडे टाकून. एकीने घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि सरळ कुंडीत ओतली. "आपल्या इकडच्या वाइनला काही चव नसते बाई." आज सकाळी झाडूवाल्या मावशी ती चिकट फरशी घासत होत्या आणि मुंग्यांची ओळ जिन्यापर्यंत आली होती.

बाई गं, चाळीस डिग्रीत तापलेली, हलवून हलवून जीव काढलेली आणि वर बर्फाचं पाणी घातलेली कुठलीही वाइन दे, फ्रान्सवरून विमानाने आलेली दे, तशीच लागेल.

माझे मामा दिंडोरीकडचे. वाइनची द्राक्षं लावतात, शेनिन ब्लां नावाची जात, एका वायनरीशी करार आहे. आणि मामा माळकरी. वारी चुकवत नाहीत, थेंब तोंडात घेतलेला नाही. कुणी टोचलं की एकच उत्तर, "द्राक्षं माझी, पुढचं त्यांचं." एका वर्षी हंगाम संपल्यावर वायनरीने शेतकऱ्यांना एकेक बाटली दिली. मामांनी ती आमच्याकडे आणली, मोटारसायकलवर, ओल्या गोणपाटात गुंडाळून. घरात पाऊल टाकल्यावर पाणीसुद्धा न पिता पहिला प्रश्न, "बर्फ हाय का घरात?"

फ्रिजमध्ये एक ट्रे होता. "ह्यानं काय व्हतंय," म्हणाले आणि मला बर्फाच्या लादीचा तुकडा आणायला पिटाळलं. तो गोणपाटातच बत्त्याने फोडला, स्टीलच्या बादलीत टाकला, वर दोन-तीन तांबे पाणी आणि मूठभर खडेमीठ. ही अक्कल पॉट आइस्क्रीमची. मे महिन्यात आंब्याच्या आइस्क्रीमचा दांडा फिरवून ज्यांचे दंड भरून आलेत त्यांना मीठ कशाला हे सांगायला नको. मिठामुळे बादलीतलं पाणी शून्याच्याही खाली उतरतं. आणि पाणी हवंच, कारण नुसते खडे बाटलीला इथे-तिथे टेकतात, मधे सगळी हवा. पाणी चहूबाजूंनी भिडतं. बाटली मानेपर्यंत बुडालेली पाहिजे. साधं बर्फ-पाणी असेल तर वीस ते तीस मिनिटं, मीठ घातलं तर त्याआधीच हात लावून बघा.

बास, एवढंच काम आहे. ज्यांना एवढंही नको त्यांनी सकाळी बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, आतल्या बाजूला, दारात नाही. दार दिवसभर उघडझाप होतं, तिथे नीट थंड होत नाही आणि प्रत्येक वेळी दणकाही बसतो. तीन-चार तास लागतातच. फ्रीझरमध्ये "दहाच मिनिटं" म्हणून ठेवणारे आणि मग पाहुण्यांच्या गप्पांत विसरणारे माझ्या माहितीत भरपूर आहेत. आतली वाइन गोठून फुगते, बूच वर येतं, कधी काच तडकते. मग मटारच्या पाकिटांवरून काचा वेचत बसा. लाइट जाणार हे आपल्याकडे धरूनच चालायचं, म्हणून मी तरी बादलीवरच विश्वास ठेवते.

थंड का करायची, तर केवळ गार प्यायला बरं वाटतं म्हणून नाही. थंड वाइनमध्ये गॅस मुरून राहतो, गरम झाली की तो बाहेर पडायला बघतो. आपण गाडीच्या टायरमध्ये ३०-३२ हवा भरतो ना? ह्या बाटलीत त्याच हिशेबाने ८०-९० असते. टायरच्या जवळजवळ तिप्पट! तापवली की आणखी वाढते. आणि अशी बाटली हलवून, भरल्या टेरेसवर, पोरांच्या घोळक्याकडे तोंड करून उघडायची. डोळ्यांचे डॉक्टर ह्या बुचांना उगाच घाबरत नाहीत. मला खरंच त्या मुलीच्या कानाची आठवण झाली की आत्ताही हात थरथरतोय टाइप करताना. सोडा.

६ ते ८ डिग्री. हा आकडा लक्षात ठेवा. फार थंड केली की वास मिटतो, चव कळत नाही, हे जाणकारांचं म्हणणं मान्य. चांगली मुरलेली, महागातली असेल तर ८ ते १० ला प्यावी. पण आपली अडचण ती नाहीच. आपल्याकडे बाटलीतून ग्लासात येईतो दोन डिग्री वाढतात आणि ग्लास हातात धरून राजकारणावर बोलेपर्यंत आणखी चार. थंडीत निफाडचा पारा घसरला की पेपरात रोज बातमी येते. त्या दिवसांत रात्रभर गॅलरीत ठेवली तरी भागेल. पण नोकऱ्या, बारसी, वाढदिवस काय फक्त डिसेंबरात येतात?

आता उघडणं. वायनरीतल्या माणसाने मामांना दाखवलं होतं आणि मामांनी ते पाठच केलं होतं. बाटली बादलीतून काढून पंचाने कोरडी केली, कारण ओली बाटली हातातून सटकते. वरचा चकचकीत कागद काढला. बुचावर तारेची जाळी असते, तिचा पीळ सहा अर्ध्या वेढ्यांत सुटतो. पीळ सोडायला लागल्यापासून मामांचा अंगठा बुचावरून हलला नाही. मग पंचा वरून टाकला, बाटली तिरपी केली, भिंतीकडे तोंड. एका हाताने बूच घट्ट आणि दुसऱ्या हाताने बाटली बुडाशी धरून हळूहळू फिरवली. बूच फिरवायचं नाही, बाटली फिरवायची. बूच स्वतःच वर यायला लागतं, तेव्हा त्याला उलट दाबून धरायचं. फुस्स. एवढाच आवाज. शेजारच्या खोलीत आजी जप करत होती, तिचा मणी चुकला नाही.

आता मला सांगणारे सांगतीलच की मॅच जिंकल्यावर खेळाडूही उडवतात. उडवू देत. ते कप जिंकून आलेले असतात आणि मैदान त्यांना पुसायचं नसतं.

मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. मामांच्या मळ्यात एप्रिलची खरड छाटणी, मग गोडी छाटणी, भुरी-डावणी ह्या बुरशीच्या रोगांची भीती, अवकाळी आला की रात्रभर डोळ्याला डोळा नाही. स्पार्कलिंगची द्राक्षं लवकर तोडतात, आंबटपणा टिकायला हवा म्हणून, पार गोड होऊ देत नाहीत. तोडणी पहाटेची, डोक्याला बॅटरी लावून, का, तर माल थंड असताना वायनरीत पोचला पाहिजे. म्हणजे बघा, तिथपासून सगळा खटाटोप थंडाव्याचा! पुढे पारंपरिक पद्धतीत तीच वाइन बाटलीत भरून, साखर-यीस्ट घालून दुसऱ्यांदा आंबवतात. बुडबुडे तिथे जन्मतात, बाहेरून भरत नाहीत. मग महिनोन्महिने बाटल्या तशाच आडव्या. मग त्या तोंडावर उभ्या करत, रोज थोड्या थोड्या फिरवत गाळ तोंडाशी आणायचा, मान गोठवायची आणि तो गोठलेला गाळ तेवढा उडवून द्यायचा. एवढं सगळं करून बाटली दुकानात येते. आणि आपण ती डिकीत टाकतो.

नारायणगावला ऐंशीच्या दशकात स्पार्कलिंग बनायला लागली तेव्हा लोकांना खरंच वाटत नव्हतं. २००० साली गंगापूर धरणाकडे सुला वायनरी सुरू झाली, मग दिंडोरीला फ्रान्सच्या मोएट हेनेसीवाल्यांची शाँदों वायनरी आली. फ्रेंच माणसं शेनिन ब्लां घ्यायला आपल्या जिल्ह्यात आली आणि आपल्या टेरेसवर "आपल्या इकडच्या वाइनला चव नसते." आपण बाहेरगावच्या पाहुण्याला अभिमानाने वायनरी दाखवायला नेणार, तिथे पायऱ्यांवर फोटो काढणार, आणि घरी आल्यावर हा प्रकार.

ज्यांना पिणंच मंजूर नाही त्यांच्याशी माझा वाद नाही. मामाही त्यातलेच. पण न पिणाऱ्या माणसाला जेवढी कदर आहे तेवढी पिणाऱ्यांना नसावी?

ग्लासांचं म्हणाल तर उंच निमुळते काचेचे असतील तर छान, बुडबुडे वर चढताना दिसतात. नसतील तर साधे वाइनचे ग्लास, किंबहुना त्यात वास जास्त कळतो. धुतल्यावर साबणाचा अंश राहिला तर वाइनचा फेस लगेच मरतो, म्हणून नुसत्या गरम पाण्याने खळखळून घ्या. दांडीला धरा, पोटाला नाही. ग्लास तिरपा करून कडेने सोडा, आधी थोडी, फेस खाली बसू द्या, मग दोन तृतीयांश. काठोकाठ भरायला ते ताक नाही. बर्फ ग्लासात नाही, बादलीत! आणि बाटली दोन वाढपांच्या मधे परत बादलीत, टेबलावर शोभेला नाही. ७५० मिलीत सहा जणांचं बऱ्यापैकी होतं. उरली तर तोंडात चमचा अडकवून ठेवायची युक्ती कुणीतरी पसरवलीय, तिचा शष्प उपयोग होत नाही. घट्ट बसणारं झाकण मिळतं, ते लावून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा.

आमच्याकडे त्या दिवशी काचेचे ग्लास होते चारच. आजीला स्टीलच्या पेल्यात दोन घोट दिले, मामांच्या देखत. तिने डोळे बारीक केले, "आंबट आहे गं, पण नाकात छान गुदगुल्या होतात." मामा हसले, स्वतःसाठी कोकम सरबत घेतलं आणि विचारत राहिले, "बुडबुडं बारीक हायेत का? बारीक असले म्हंजी चांगली." आम्ही ग्लास खिडकीशी धरून त्यांना दाखवले. खूप वेळ बघत होते.

आजीला लागली तशी तुम्हालाही आंबट लागत असेल तर लेबल वाचून घ्या. 'ब्रूट' म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपर्यंतच साखर. 'एक्स्ट्रा ड्राय' हे नाव ऐकून फसू नका, ती ब्रूटहून गोड. गोडच हवी तर 'डेमी सेक' मागा. सोबत केक नको, केकपुढे ब्रूट आणखी आंबट होते. तळलेलं आणि खारट करा. कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, कांदाभजी, नाहीतर कोंडाजीचा चिवडा. मिसळ नको, तिखटावर बुडबुडे जिभेला झोंबतात.

पुढच्या महिन्यात आमच्या मजल्यावर एका काकांच्या एकसष्टीचा बेत आहे आणि बाटल्या आणायचं काम त्याच भाऊंकडे आहे. मी आजच बर्फवाल्याला लादी सांगून ठेवतेय आणि बादली आमच्या घरची नेतेय. कुणाला बाटली हलवायचीच असेल तर सोडा मिळतो कोपऱ्यावरच्या टपरीवर, तो हलवा, आणि फरशी आपली आपण पुसा.