औदुंबराला वायर

माझा मावसभाऊ व्हर्जिनियात असतो आणि त्याला छंद लागायला फार वेळ लागत नाही. आधी घरी पाव भाजायचा झाला, मग दुर्बीण झाली, मग बोन्साय. तेही नर्सरीतून आणलेलं नाही बरं का, रानातून उकरून आणलेलं, त्याला जपानीत यामादोरी म्हणतात हे त्याने एका व्हिडिओ कॉलमध्ये तीनदा सांगितलं. त्याच्या घरामागच्या प्लॉटवर बुलडोझर यायचा होता, तर ह्याने मालकाला विचारून मार्चमध्ये, कळ्या फुटायच्या आत, तिथलं डॉगवूड मुळांसकट काढून आणलं.

"कसलं वूड?" आई मागून.

"डॉगवूड, मावशी."

"कुत्र्याचं?"

मग त्याने फोटो दाखवला आणि आम्ही गप्प. दीड-दोन फुटांचं झाड, एक पान नाही, आणि त्यावर तळहाताएवढी पांढरी फुलं. तो म्हणाला त्या पांढऱ्या चार पाकळ्या नाहीतच, ती रंगीत पानंच, खरी फुलं मधे पिवळट बारीक बारीक असतात ती. म्हणजे आपल्या बोगनवेलीसारखंच की, पण तेव्हा मला हे सुचलं नाही, जिन्यात सुचलं. आणि बोन्साय केलं की पानं लहान करता येतात, फूल काही लहान होत नाही, म्हणून ते असं लग्नातल्या छोट्या मुलाला मोठ्यांचा फेटा बांधल्यासारखं दिसतं. पहिली तीन वर्षं त्याने त्याला नुसतं लाकडी खोक्यात ठेवलेलं, हात लावला नाही. चौथ्या वर्षी उत्साहाने ऑक्टोबरमध्ये छाटलं आणि पुढच्या एप्रिलला एक फूल नाही, कारण ह्या झाडाच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन बसलेल्या असतात. हे ऐकून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर इतिहास. १९१२ साली तोक्योने वॉशिंग्टनला चेरीची तीन हजारांवर झाडं भेट दिली, तर १९१५ मध्ये अमेरिकेने परतभेट म्हणून जपानला डॉगवूड पाठवलं. आई म्हणाली बरोबर आहे, शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये.

"एक फांदी घेऊन ये येताना," हेही तीच म्हणाली. पण त्या झाडाला हिवाळ्यात कडक थंडीत झोप लागते आणि मुंबईत जानेवारीत सकाळी आपण जे स्वेटर घालतो ते निव्वळ हौसेने. म्हणजे ते नाही. पण आपणही रानातलं काहीतरी आणायचं हे माझ्या डोक्यात बसलं ते बसलं.

आता मुंबईत रान कुठे? बोरिवलीच्या नॅशनल पार्कातून काडी उचलायची नाही, तो गुन्हा आहे आणि त्यात तिकडे बिबटे. पण आमची जुनी खोली गिरगावातल्या चाळीत, मोठा काका अजून तिथे राहतो, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कॉमन संडासांच्या मागच्या भिंतीतून, पाइपाच्या बगलेतून, एक झाड माझ्या लहानपणापासून बाहेर यायचं. दर रिपेअरिंगला कोणीतरी ते कापायचं आणि ते दर पावसाळ्यात परत यायचं, त्यामुळे वर फांद्या कोवळ्या आणि खाली खोड मनगटाएवढं, गाठींचं. बोन्सायवाले असल्या खोडासाठी डोंगर चढतात, मला जिना होता.

२०१९ च्या जूनमध्ये चाळीची दुरुस्ती निघाली आणि कंत्राटदाराची माणसं त्या झाडाच्या मुळात ॲसिड ओतणार असं काकाने सांगितलं. मी हाफ डे टाकून गेलो. पराती-परातीने विटा निघत होत्या, मुळं भिंतीच्या फटीत पोळीसारखी चपटी झालेली, चीक हाताला, शर्टाला, मोबाइलला. संडासाला जायला थांबलेले लोक बादल्या घेऊन उभे होते आणि सल्ले देत होते. शेवटी ते निघालं, पण एक अख्खी वीट मिठीत घेऊनच, काही केल्या सोडेना. मी म्हटलं राहू दे, दगडावर मुळं पसरलेल्या बोन्सायला जपानीत सेकिजोजू म्हणतात, माझ्याकडे गिरगावातली वीट.

गोणपाटात गुंडाळून चर्नी रोडवरून दादर, दादरला ब्रिज चढून सेंट्रल. मुलुंड फास्ट, सव्वासहाची वेळ. मी ते पायाशी ठेवलं तर समोरच्या काकांनी पानं बघितली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अहो औदुंबर आहे हा! पायाशी काय ठेवताय?" आणि मंडळी, संध्याकाळच्या फास्ट लोकलमध्ये एक माणूस स्वतःहून उठला. माझ्यासाठी नाही. कुर्ल्यापर्यंत ते झाड बसून आलं आणि मी त्याच्यासमोर लटकत.

म्हणजे पिंपळ समजून आणलेला तो निघाला उंबर. आता माझं ज्ञान असं की चाळीत चाळीस वर्षं बघून मला हे कळलं नव्हतं. उंबर म्हणजे दत्ताचं स्थान, आईचं माहेर सांगलीकडचं, लहानपणी पायी नरसोबाच्या वाडीला गेलेली बाई. तिने झाडाला नमस्कार केला, मग मला विचारलं, "हे कुठून आणलंस?" मी सांगितलं चाळीतून. "चाळीत कुठून?" मी म्हटलं मागून. आजपर्यंत ह्यापुढे उत्तर दिलेलं नाही.

फांद्यांना वळण द्यायला ॲल्युमिनियमची वायर लागते, ती आणायला लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला लोड किती आहे. मी म्हटलं झाड आहे. तो म्हणाला एसी का? असो. पहिली दोन वर्षं मी त्याला विटेचा चुरा, जाड रेती आणि शेणखत घातलेल्या थर्माकोलच्या मासळीच्या खोक्यात ठेवलं, मध्ये लॉकडाऊन आला, मी आणि ते दोघंही घरी बसून जगलो. मग फांद्यांना वायर गुंडाळली. उंबराची जात पावसाळ्यात अशी फुगते की पंधरा दिवस मी ऑफिसच्या ऑडिटमध्ये अडकलो तेवढ्यात वायर सालीत रुतली. कापून काढली तर फांदीभर वळ.

"देवाला वळ उठवलेस," आई म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशी फक्त बायकोमार्फत बोलली.

तोवर बातमी फुटलेली. समोरच्या फ्लॅटमधल्या आजी गुरुवारी तांब्या घेऊन हजर. त्यांना अकरा प्रदक्षिणा घालायच्या होत्या, आणि झाड खिडकीच्या ग्रिलमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. आत घ्यावं तर आमचा हॉल दहा बाय बारा, त्यात सोफा, त्यात माझे सासरे. मी सहज म्हटलं माझ्याकडे छाटणीसाठी फिरता पाट आहे. आजींना आयडिया आवडली. त्या हात जोडून उभ्या राहणार आणि मी कुंडी फिरवणार. तर त्यांचा नातू, इंजिनियरिंगचा, म्हणाला थांबा, आजी उजवीकडून फिरणार असेल तर कुंडी उलटी फिरली पाहिजे, रिलेटिव्ह मोशन. सासरे म्हणाले देवाला उलटं फिरवणार? ह्यावर पाऊण तास चर्चा झाली, चहा दोनदा झाला. शेवटी ठरलं की उलटी. आता दर गुरुवारी सकाळी सातला मी कुंडी अकरा वेळा उलटी फिरवतो. झाडाला सगळीकडून सारखं ऊन मिळायला ती थोडी थोडी वळवत राहावी लागतेच, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही. फक्त खडीसाखर मातीत टाकू नका एवढं म्हणालो होतो, मुंग्या येतात. आता खडीसाखर विटेवर ठेवतात.

२०२४ च्या मे मध्ये खोडाला, थेट जुन्या सालीतून, हिरव्या गोट्यांसारखी सहा उंबरं आली. मी नाचायचाच बाकी होतो. रात्री नऊला व्हर्जिनियाला कॉल लावला, तिकडे सकाळ.

"वा," मावसभाऊ म्हणाला. "पण फुलं कुठायत?"

"आत."

"कशाच्या आत?"

मी सांगितलं, उंबराची फुलं फळाच्या आतच असतात, शेकड्यांनी, एवढीशी चिलटं आत शिरून परागीभवन करतात, उगाच नाही आपण उंबराचं फूल म्हणजे न दिसणारी गोष्ट म्हणत. तुझ्या डॉगवूडचं फूल निदान बाहेर खोटं तरी असतं, माझ्याचं खरं आहे पण आत आहे. तो म्हणाला, "म्हणजे नाहीत." पाच वर्षं ज्याच्यासाठी घासली त्याला हा माणूस नाहीत म्हणतो! मी त्याला म्हटलं थांब, आठ दिवसांनी लाव.

आठ दिवसांनी सहातलं एक पिकून लाल झालेलं. मी सुरी घेतली.

"उंबर फोडून केंबरं कशाला काढतोस," आई म्हणाली. मी म्हटलं ती म्हण आहे. आणि फोन मायक्रोवेव्हला टेकवून, फळ कॅमेऱ्यासमोर धरून, बरोबर मधून कापलं.

म्हण नव्हती. किचनमध्ये चिलटंच चिलटं, फोनच्या स्क्रीनवर, ट्यूबलाइटवर, उघड्या आमटीत. पलीकडून मावसभावाचा आवाज, "अरे काय दिसत नाहीये, हे काळं काय आहे, फूल दाखव ना!" बायकोने आमटीवर झाकण ठेवलं, गॅस बंद केला आणि माझ्या हातातून सुरी काढून घेतली.

"उरलेली पाच फोडायची नाहीत," ती म्हणाली. "आणि गुरुवारी आजींना काही बोलू नका, त्यांना एक कमी दिसणारच आहे."