भरती बंद, ओहोटी उघडी

छापून आलेला लेख समाजमाध्यमावर टाकणे म्हणजे निव्वळ ‘कॉपी-पेस्ट’ असे ज्यांना वाटते, त्यांनी आयुष्यात एकही तळटीप लिहिलेली नसावी. मी तळटिपा लिहिणारा माणूस आहे. गोव्यातील खाजन शेतीवर, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खारे पाणी अडवलेल्या भातशेतीवर, एका दिवाळी अंकासाठी मी जो लेख लिहिला, त्यात उपशीर्षके होती, कोंकणी शब्द तिरप्या ठशात होते, महत्त्वाची विधाने ठळक होती, एक सुबक कोष्टक होते आणि प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक टायपात टिपांची रांग होती. अंक निघाला, तो पुण्या-मुंबईपर्यंत गेल्याचे संपादकांनी कळवले, आणि माझ्या ओळखीच्या एकाही माणसाने तो पाहिला नाही. दिवाळी अंकांचे हे ठरलेलेच आहे. भेटेल तो मात्र म्हणायचा, “फेसबुकवर टाका की, वाचू.” हे आश्वासन देणारी माणसे वयाने वडीलधारी होती, त्यामुळे मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

अंकाच्या जुळणीकाराने मोठ्या मनाने लेखाची फाइल पाठवली. ती उघडली तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, परदेशी चलनांची चिन्हे आणि डोक्यावर टिंबे असलेले अनोळखी स्वर यांची जत्रा भरली होती. मजकूर जुन्या फाँटात होता, जगातल्या सगळ्या लिपींतील अक्षरांना ठरावीक संकेत देणारी युनिकोड ही पद्धत रुळण्यापूर्वीच्या. या फाँटांची तऱ्हा अशी की, संगणकाच्या लेखी त्यात देवनागरी नसतेच. आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात आणि फाँट त्यांच्या जागी ‘क’, ‘ख’, काना, मात्रा यांचे तुकडे चितारून देतो. फाँट काढून घेतला की सोंग उतरते.

त्यावर उपाय म्हणून परिवर्तक नावाची आज्ञावली मिळते. ती मजकूर युनिकोडमध्ये आणते खरी, पण रफार कोठे ठेवायचा हे तिला उमगतेच असे नाही. जुन्या फाँटात रफार डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने, म्हणजे ज्या अक्षरावर बसायचा त्याच्या नंतर टंकला जातो, तर युनिकोडला तो उच्चाराच्या क्रमाने आधी हवा असतो. परिणामी माझ्या लेखात साडेचारशे वर्षे राज्य करून गेलेले ‘पोर्तुगीज’ एका रात्रीत ‘पोतुर्गीज’ झाले आणि बांधांकडे झालेले ‘दुर्लक्ष’ हे ‘दुलर्क्ष’ झाले. मी एकेक रफार उचलून त्याच्या मूळ जागी नेऊन बसवला. या कामाला मजुरी नसते आणि ते झालेले कोणाला दिसतही नाही.

शुद्ध झालेला मजकूर मी समाजमाध्यमाच्या चौकटीत चिकटवला. फेसबुकच्या एका पोस्टमध्ये ६३,२०६ अक्षरे मावतात, तेव्हा जागेची कंजुषी होती असे म्हणता येणार नाही. उपशीर्षके देता येतील अशी ‘नोट्स’ नावाची सोयही तेथे एके काळी होती, ती २०२० च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली. आता उरली आहे ती साध्या मजकुराची चौकट, आणि साधा मजकूर म्हणजे ज्यात सगळी अक्षरे एकाच जाडीची, एकाच उंचीची आणि सरळ उभी असतात. माझी उपशीर्षके सैन्यातून नाव कमी झालेल्या सुभेदारांप्रमाणे सामान्य ओळींत जाऊन उभी राहिली. तळटिपांचे आकडे, जे शब्दाच्या खांद्यावर लहानसे बसलेले असत, ते खाली उतरून शेजारच्या आकड्यांना चिकटले. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, या सर्वमान्य विधानाला मी तिसरी तळटीप जोडली होती. नव्या आवृत्तीप्रमाणे गोवा १९६१३ साली मुक्त झाला, म्हणजे पोर्तुगिजांना आणखी साडेसतरा हजार वर्षांची मुदतवाढ मिळाली. कुळांना जमिनीचे संरक्षण देणारा १९६४ चा कायदाही चौथ्या टिपेसह १९६४४ मध्ये गेला. मुक्तीनंतर तीन वर्षांत कुळ कायदा हा मूळचा क्रम साधारण टिकला, एवढेच काय ते समाधान.

खरी शोभा केली ती कोष्टकाने. खाजनांची सगळी किमया मानशीत आहे. मानस म्हणजे बांधात बसवलेले लाकडी झडपांचे दार. भरतीच्या पाण्याचा बाहेरून रेटा आला की झडपा आपोआप मिटतात आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने त्या उघडतात आणि साचलेले पाणी निघून जाते. मोटर नाही, वीज नाही. हे मी दोन रकान्यांत मांडले होते. डावीकडे पाण्याची स्थिती, उजवीकडे दाराची. चौकटीत रकाने नाहीसे झाले आणि उरले ते असे: ‘भरती बंद ओहोटी उघडी’. अर्ध्या तासाच्या आत एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. त्यांचा मुलगा पदवी घेऊन घरी बसला आहे. “भरती बंद म्हणता, ती कुठल्या खात्यातली हो?” त्यांनी काळजीने विचारले. गोव्यात सरकारी नोकरभरती हा विषय समुद्राच्या भरतीपेक्षा अधिक खोल असल्यामुळे त्यांची समजूत घालायला मला बराच वेळ लागला, आणि शेवटपर्यंत मी काहीतरी दडवत आहे असा त्यांचा ग्रह राहिलाच.

तेव्हा मी पणजीत राहणाऱ्या माझ्या भाचीला बोलावले. तिने लेख अंगठ्याने वर सरकवत सरकवत तळापर्यंत नेला आणि म्हणाली, “मामा, हे तू लोकांना वाचायला दिलंस?” ठळक अक्षरांचे काय करावे, हा माझा पहिला प्रश्न होता. इंग्रजीत लिहिणाऱ्यांची सोय झालेली आहे. युनिकोडमध्ये गणिताच्या चिन्हांसाठी रोमन अक्षरांचे ठळक आणि तिरपे संच वेगळे ठेवले आहेत, तेच उचलून हुशार मंडळी आपले मथळे सजवतात. देवनागरीच्या वाट्याला असा संच आलेला नाही. ‘क्ष’ची किंमत काढण्यात पिढ्यान्‌पिढ्या खर्ची पडलेल्या मराठी माध्यमाच्या शाळा युनिकोडवाल्यांच्या नजरेतून निसटल्या असाव्यात. व्हॉट्सॲपवर शब्दाच्या दोन्ही अंगांना तारका दिली की तो ठळक होतो, मात्र तारका आणि शब्द यांच्यामध्ये चुकून जागा सुटली तर शब्द जसाच्या तसा राहतो आणि तारका तेवढ्या दिसत राहतात. तोच मजकूर दुसऱ्या माध्यमावर नेला की सगळ्याच तारका उघड्या पडतात, आणि लेखावर कोणी फुलबाज्या पेटवल्या असाव्यात असे वाटते.

अक्षरांची ही अडचण गोव्याला नवी नाही, असे मी भाचीला जरा अभिमानाने सांगितले. छापखाना भारतात पहिल्याने आला तो १५५६ मध्ये, गोव्यातच. तरीही फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्याच राशोल गावी छापले गेले ते रोमन लिपीत, कारण मराठी ओव्यांना हवे असलेले देवनागरी खिळे त्या छापखान्यात नव्हते. “म्हणजे त्यांनीपण माझ्यासारखंच केलं,” भाची म्हणाली. ती आईला रोज ‘जेवलीस का’ हे रोमन अक्षरांत लिहून विचारते. तिची परंपरा थेट राशोलपर्यंत जाऊन भिडेल, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मी विषय बदलला.

एक्स नावाच्या, पूर्वी ट्विटर असलेल्या माध्यमाचा पर्याय आम्ही लवकरच सोडला. तेथे पैसे न भरणाऱ्याला एका नोंदीत २८० अक्षरे मिळतात, परंतु काना, वेलांटी, पाय मोडण्याचे चिन्ह, सगळे स्वतंत्र अक्षर म्हणून मोजले जाते. डोळ्यांना एकच दिसणाऱ्या ‘स्त्री’ला सहा अक्षरांचा आकार पडतो. माझे पहिलेच वाक्य त्या २८० मध्ये मावत नव्हते. भाचीचे म्हणणे, वाक्य तोडावे; माझे म्हणणे, त्यात मानस, बांध आणि गावाची सामाईक जमीन सांभाळणारी गावकारी या तिघांचा परस्परसंबंध आहे, तो तोडला तर खाजनच वाहून जाईल. इन्स्टाग्रामवर चित्राखाली २,२०० अक्षरे चालतात, शिवाय वीस चित्रांची माळ लावता येते, म्हणून तिने लेखाची कार्डे करायला घेतली. तयार नमुन्यांत ‘गोवा’ असा शोध घेतल्यावर माड, मावळता सूर्य आणि रंगीत छत्री यांखेरीज काहीही निघेना. माझी शेती चिखलाची होती. शेवटी रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जाऊन मी स्वतः काढलेले, झडपांना शेवाळ आणि कालवे चिकटलेल्या मानशीचे छायाचित्र तिने नाइलाजाने स्वीकारले.

मग प्रश्न आला पहिल्या ओळींचा. पोस्टच्या मोजक्याच ओळी दिसतात आणि त्यापुढे ‘अधिक पहा’ येते, त्यामुळे जे काय सांगायचे ते त्या उंबरठ्याच्या आत सांगावे लागते. “तुम्हाला माहीत आहे का, अशी सुरुवात कर,” भाची म्हणाली. ज्याला माहीत आहे त्याचा अपमान आणि ज्याला माहीत नाही त्याचाही अपमान करणारे हे वाक्य मी लिहिणार नाही, असे मी तिला बजावले. तिने न बोलता लेख चाळला आणि पाचव्या परिच्छेदातील एका ओळीवर बोट ठेवले. आमची ही भातशेते भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खाली आहेत, असे तेथे म्हटले होते. ते वाक्य तिने उचलून अगदी वर नेले. मला ते पाचव्या परिच्छेदातच अधिक खानदानी वाटत होते, तरी वर गेल्यावर ते शोभले हे नाकारण्यात अर्थ नाही.

तळटिपा मात्र मी सोडल्या नाहीत. प्रत्येक टीप वाक्यात विरघळवली. त्यासाठी कोरगुट या खारे पाणी सोसणाऱ्या भाताबद्दलचे वाक्य इतके लांबले की त्यात श्वास घ्यायला दोन अर्धविराम घालावे लागले. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासळी धरतात, ही मूळची शेवटची टीप, ती चौथ्या कार्डावर गेली.

लेख लागला. बांध, गावकारी, कायदे यांबद्दल कोणीही काहीही म्हटले नाही. चौथ्या कार्डाखाली मात्र रीघ लागली. मानशीची सुंगटे, म्हणजे कोळंबी, समुद्राच्या सुंगटांपेक्षा गोड असतात की नाही, काळुंदरे तळावीत की त्यांचे हुमण, म्हणजे कालवण, करावे, शेवटे नावाचे मासे आता पूर्वीसारखे मिळत नाहीत याला जबाबदार कोण, यावर उत्तरेकडचा बार्देश तालुका विरुद्ध दक्षिणेकडचा सासष्टी असा सामना रंगला. तो रात्री उशिरापर्यंत चालला, आणि त्यात कोणालाही ठळक अक्षरांची उणीव भासली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीचा निरोप आला, रोमन लिपीत: “मामा, चोडणला मासळी किती वाजता मिळते ते लोक विचारताहेत. कोष्टक करून टाक.”